एलिया मास्तरांची परीक्षा

एलिया वैरागर सात वाद्यं वाजवायचा. त्यांतली सहा त्याला कुणी समोर बसवून शिकवलेली नव्हती. हे तो स्वतःच सांगायचा, पण मिरवायला नाही. अंगावरचे जुने व्रण दाखवावेत तसं सांगायचा.

हलगी घरची. नेवासा तालुक्यात घोडेगावाच्या शिवारात वैरागरांची चार घरं होती. गावात लग्न असो, मयत असो की देवीची पालखी, पुढं हलगी वैरागरांचीच. एलिया पाच वर्षांचा असताना त्याच्या बापानं बाप्तिस्मा घेतला. मसूचा शांतवन झाला आणि लिंब्याचा एलिया. पाद्रीसाहेबांनी सांगितलं की मूर्तीपुढं वाजवलेलं वाद्य आता घरात नको. शांतवननं हलगी मोडली नाही की जाळली नाही. धर्म न बदललेल्या भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझ्या घरी वाजू दे. माझ्या घरी आता तिचं काम न्हाई." त्यानंतर तो कधी त्या भावाच्या दारात गेला नाही. पोरगा मात्र रोज जायचा. चुलता वाजवायचा, पोरगा बघायचा आणि घरी आल्यावर स्वतःच्या पोटावर बोटं आपटायचा. मारता मारता पोट लाल व्हायचं.

पुढं मिशनच्या बोर्डिंगात, नगरला, शाळेच्या बँडमध्ये गळ्यात ड्रम आला. ख्रिस्ती कीर्तनात खंजिरी आली. सहावीत असताना पारनेरच्या जत्रेत एक तमाशाचा फड उतरला होता. त्यातल्या ढोलकीवाल्याच्या मागं एलिया जो गेला तो दोन वर्षांनी परतला. तेव्हा ढोलकी आणि संबळ दोन्ही हातांत बसलेली होती आणि चर्चच्या मंडळीच्या वहीतून त्याचं नाव खोडलेलं होतं. मृदंग तो नेवाशात एका देवळाच्या पायरीखाली उभा राहून शिकला. आत भजन चालायचं, बाहेर तो मांडीवर ताल धरायचा. पायरी चढायची तर त्याच्या बापजाद्यांना मुभा नव्हती, आणि आता तो ख्रिस्ती, म्हणजे दुहेरी परका.

समोर बसवून शिकवलं ते एकट्या रहीमबक्ष उस्तादांनी. नगरच्या कापडबाजाराच्या मागं त्यांची एक खोली होती. एलियानं हलगी, ढोलकी, ड्रम, सगळं सांगून टाकलं, तेव्हा म्हातारा हसला आणि म्हणाला, "इतक्या ठिकाणी जेवून आलास, पण पोट भरलं नाही म्हणतोस. बस." नऊ वर्षं एलिया तिथं बसला. दिवसा उस्तादांकडं तबला, संध्याकाळी मुक्या सिनेमाच्या पडद्याखाली वादन. घोडे पळाले की तबला, मारामारी झाली की ड्रम, आगगाडी आली की दोन्ही. मग बोलपट आले आणि पडद्याखालची माणसं उठली. त्याच सुमाराला उस्तादही गेले.

एव्हाना एलियाचं लग्न झालं होतं. बायको मार्था मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. घर तिच्या आधारानं चाललेलं, आणि ती त्याला ते कधी जाणवू देत नसे. एकच मुलगी, सारा. एलिया लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, नाताळात कीर्तनाला साथ करायचा आणि घरी तबला घेऊन बसायचा. लढाई सुरू झाली तेव्हा तो चाळिशीत होता.

१९४० साली नगरात एका मोठ्या गवयाचं गाणं ठरलं होतं आणि ऐन वेळी तबलजी तापानं फणफणला. कुणीतरी एलियाला बोलावून आणलं. गवई आधी साशंक होता. पहिल्या ख्यालानंतर तो मागं वळून म्हणाला, "तुम्ही आजवर होता कुठं?" सभागृहात पुढच्या रांगेत काकासाहेब वकील बसले होते. गावात त्यांचा शब्द चाले आणि गाण्याचं वेड खरोखरीचं होतं. त्याच वर्षी त्यांनी 'स्वरमंदिर' नावाचं संगीत विद्यालय काढलं आणि तबल्याच्या वर्गासाठी एलियाला बोलावलं.

"कलेला जात नसते, वैरागर," काकासाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "इथं तुम्ही मास्तर."

एलियाला ते वाक्य फार आवडलं. त्यानं घरी येऊन ते मार्थाला दोनदा सांगितलं. मार्था पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "नसते तर मग बोलून कशाला दाखवली?"

तो त्या वेळी तिच्यावर रागावला होता.

आठ वर्षं त्यानं तो वर्ग चालवला आणि आपल्या पद्धतीनं चालवला. नव्या विद्यार्थ्याला तो पहिले सहा महिने तबल्याला हातच लावू द्यायचा नाही. गळ्यात हलगी अडकवून अंगणात चालायला लावायचा. "लय पायात असती," तो म्हणायचा, "बोटांत नंतर येती." मग संबळ, मग ढोलकी आणि शेवटी तबला. वकिलांची, सराफांची, मामलेदाराची पोरं हलगी बडवत अंगणात फिरताना पाहून पालक तक्रारी घेऊन यायचे. काकासाहेब त्यांची समजूत घालायचे आणि मागाहून एलियाला म्हणायचे, "जरा आत घेत जा हो मुलांना, रस्त्यावरून दिसतं." विद्यालयाच्या वार्षिक अहवालात गाण्याचे आणि सतारीचे शिक्षक 'अध्यापक' म्हणून छापले जायचे. एलियाच्या नावापुढं दरसाल 'वाद्यसाथ' असायचं. त्यानं ते एकदा दाखवून दिलं. काकासाहेब म्हणाले, छापखान्याची चूक. ती चूक आठ वर्षं टिकली.

शिकवता शिकवता त्यानं एक वही लिहिली. कुठल्या महिन्यात कुठला बोल, कुठल्या हाताला कुठली खोड असते, ती कशानं मोडते. हलगीचे ठोके अक्षरांत कसे लिहायचे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतःच खुणा ठरवल्या. वही वाढत जाऊन तिच्या तीन वह्या झाल्या.

त्याचा सगळ्यांत जवळचा विद्यार्थी म्हणजे बन्सीधर मुळे. हुशार मुलगा, पुढं बी.ए. होऊन विद्यालयातच नोकरीला लागला, पण हात लाकडाचा. दुसऱ्या कुणी त्याला केव्हाच घरी पाठवलं असतं. एलियानं त्याला दीड वर्ष अंगणात चालवलं. कधी कधी त्याच्या मागून चालायचा, त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून, ठोका खांद्यातून आत जावा म्हणून. बन्सीधर रविवारी मास्तरांच्या घरी यायचा, उपासना संपायची वाट बघत ओट्यावर बसायचा. मार्थाच्या हातचं कालवण-भाकरी खायचा. आपल्या घरी ते सांगायचं नाही, एवढी एकच अट तो घालायचा. सहाव्या वर्षी त्याचा हात मोकळा झाला. त्या दिवशी एलियाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बन्सीधरनं वाकून त्याच्या पायांना हात लावला होता. ते खोटं नव्हतं. पुढं सगळं कडू झालं तरी एलिया हेच म्हणायचा, की त्या दिवशीचं ते खोटं नव्हतं.

सत्तेचाळीस साली हालचाल सुरू झाली. नवं विद्यापीठ होणार, त्यात संगीताचा अभ्यासक्रम येणार आणि स्वरमंदिराला त्याची मान्यता मिळवायची, हा काकासाहेबांचा ध्यास. मान्यतेसाठी छापील क्रमिक पुस्तक हवं होतं. बन्सीधर घरी आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या वह्या द्या. मी स्वच्छ उतरवून काढतो. तुमचं काम विद्यापीठात जाईल."

एलियानं तिन्ही वह्या फडक्यात बांधून दिल्या. मार्था दारात उभी होती.

चार महिन्यांनी पुस्तक आलं. कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. 'संपादक : प्रा. बन्सीधर मुळे, बी.ए.' प्रस्तावनेत 'ज्ञात-अज्ञात गुरुजनांचे' आभार होते. हलगी, संबळ आणि ढोलकीची सगळी पानं गायब होती. तबल्याचा भाग जसाच्या तसा होता, वाक्यांसकट.

एलियानं पुस्तक दोन दिवस वाचलं. तिसऱ्या दिवशी तो विद्यालयात बन्सीधरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"माझं नाव न्हाई यात."

"मास्तर, मी भांडलो त्यासाठी. पण समिती म्हणते, लेखकाला पदवी हवी. पुस्तकच परत आलं असतं."

"आणि हलगी?"

"विद्यापीठात हलगी कशी घालणार, तुम्हीच सांगा."

एलियानं पुस्तक उघडून सतरावं पान पुढं केलं. तिथं त्यानं स्वतः बांधलेली एक तिहाई छापली होती. एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पाडायचा, असा तो प्रकार. एलियाच्या तिहाईत पहिल्या दोन तुकड्यांनंतर अर्ध्या अर्ध्या मात्रेची विश्रांती होती. वहीत ती त्यानं बारीक रेघेनं दाखवली होती. वादक त्याला दम म्हणतात.

"हे बघ. दोन्ही दम गाळलेत तू. अशी वाजवली तर तिहाई समेच्या एक मात्रा आधीच संपती."

बन्सीधरनं पान पाहिलं. बोटांनी टेबलावर वाजवून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "खरंय, मास्तर. उतरवताना रेघा सुटल्या. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. तूर्त कुणाला बोलू नका, मान्यतेचं काम अडेल."

एलिया कुणाला बोलला नाही.

अठ्ठेचाळीस साली मान्यता मिळाली आणि तिच्याबरोबर एक नियमही आला. ज्या शिक्षकांजवळ प्रमाणपत्र नाही त्यांनी परीक्षा द्यावी. गाण्याचे आणि सतारीचे शिक्षक पूर्वीच कुठून कुठून प्रमाणपत्रं घेऊन आलेले होते. राहिला एकटा एलिया. काकासाहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "नुसता उपचार आहे हो. बसायचं, तबल्याचे चार कायदे वाजवायचे, उठायचं."

एप्रिलातल्या एका सकाळी परीक्षा झाली. मार्थानं त्याचा पांढरा सदरा निळीतून काढून दिला होता. पन्नाशीला आलेला माणूस विद्यार्थ्यांच्या सतरंजीवर बसला. समोर टेबलामागं बाहेरगावाहून आलेले परीक्षक होते, जाड भिंगांचा चष्मा घातलेले. शेजारी स्थानिक परीक्षक म्हणून बन्सीधर. कोपऱ्यात पेटीवाला.

"घराणं कोणतं?" परीक्षकांनी विचारलं.

"तबला रहीमबक्ष उस्तादांचा. त्याआधी हलगी चुलत्याची, ढोलकी फडातली, मृदंग..."

"तबल्यापुरतं सांगा."

एलियानं सांगितलं. रहीमबक्षांचं नाव परीक्षकांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग एलियानं वाजवलं. कायदा, रेला, गत, तबल्याचे सगळे ठरलेले प्रकार. पेटीवाला सोळा मात्रांची एकच ओळ घोळवत होता आणि एलिया तिच्यात शिरत होता, बाहेर येत होता. परीक्षकांचं लिहिणं थांबलं. ते टेबलावर बोटानं ताल धरू लागले. माणूस जाणकार होता, आणि एलियाला वाटलं, सुटलो.

"आता क्रमिक पुस्तकातलं वाजवा," परीक्षक म्हणाले. "पान सतरा, तिहाई."

एलियानं एकदा बन्सीधरकडं पाहिलं. बन्सीधर पुस्तक चाळत होता. एलियानं आपली तिहाई जशी बांधली होती तशी वाजवली, दोन्ही दमांसकट. शेवटचा धा समेवर नेमका पडला.

"पुस्तकात असं नाही," परीक्षक म्हणाले. "तुम्ही मध्ये थांबलात."

"साहेब, तिथं थांबायचंच हाय. पुस्तक चुकलंय."

"पुस्तक चुकलंय?" परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "प्राध्यापक मुळे, पुस्तक तुमचं आहे. वाजवून दाखवा बरं."

बन्सीधर टेबलामागून उठला आणि एलियाच्या समोर बसला. एलियानं डग्गा-तबला त्याच्याकडं सरकवला. एका शब्दात सगळं मिटलं असतं. 'छापताना चूक झाली, मास्तर बरोबर आहेत.' एलिया त्या शब्दाची वाट पाहत होता. ज्या पोराच्या खांद्यांवर दीड वर्ष हात ठेवून चाललो, तो एवढं बोलेलच, असं त्याला वाटत होतं.

बन्सीधरनं पुस्तकाबरहुकूम सुरुवात केली. पहिला तुकडा दमाशिवाय गेला, दुसराही. आणि तिसरा तुकडा संपता संपता त्यानं बोल किंचित ताणले, रबर ताणावं तसे, आणि शेवटचा ठोका बेमालूम समेवर आणून ठेवला. ती सफाई मोठी होती. परीक्षक तेव्हा पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवत होते, त्यांच्या ती ध्यानात आली नाही. पण एलियाच्या आली, कारण बोल असे ताणायला त्यानंच शिकवलं होतं. गाणारा चुकला तर त्याला सांभाळून घ्यायला.

"येते की समेवर," परीक्षक म्हणाले.

"येते, साहेब," बन्सीधर म्हणाला.

"वैरागर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

एलियाला पुष्कळ म्हणायचं होतं. तिहाई माझी, पुस्तक माझं, हा ताणलेला हातही माझा. पण त्यानं बन्सीधरकडं पाहिलं आणि त्याला बोलायचीच किळस आली.

"न्हाई," तो म्हणाला आणि उठला.

महिन्यानं निकाल लागला. वादन उत्तम, शास्त्र आणि क्रमिक अभ्यास अपुरा, एकूण अनुत्तीर्ण. काकासाहेबांनी त्याला घरी बोलावलं. खुर्ची दिली. खरोखर वाईट वाटल्यासारखा त्यांचा आवाज होता.

"माझा इलाज चालला नाही. वर्ग आता मुळ्यांकडं जाईल. पण मी तुम्हाला सोडणार नाही. विद्यालयात पंधरा तबल्यांच्या जोड्या आहेत, मृदंग आहेत. त्यांची देखभाल, पुड्या चढवणं, ताणणं, हे सगळं तुम्ही बघा. शेवटी चामड्याच्या कामात तुमच्या लोकांइतका हात कुणाचा?"

एलियाला एकदम ओळखीचं काही ऐकू आल्यासारखं वाटलं. 'कलेला जात नसते' या ज्या वाक्यावर तो आठ वर्षं जगला होता त्याची दुसरी बाजू त्याला आज दिसली. तरी त्यानं काम घेतलं. लोक पुढं विचारायचे, का घेतलं? त्या तबल्यांच्या खोलीशिवाय सकाळी जायचं कुठं, हे त्याला कळत नव्हतं, एवढंच खरं.

जून ते ऑक्टोबर तो मागच्या खोलीत बसून तबल्यांवर कातडी पुड्या चढवायचा. भिंतीपलीकडं वर्ग चालायचा. एके दिवशी झुंबरबाई नावाची एक शाळेतली शिक्षिका, तबला शिकायला येणारी पहिली बाई, त्याच्या दारात आली. "मास्तर, सतराव्या पानावरची तिहाई माझ्यानं समेवर येतच नाही. मला गणित येतं, मी चारदा मोजली. एक मात्रा कमी पडते."

एलियानं तिला दोन दम दाखवले. तिनं तिथंच हातावर टाळी देऊन वाजवून पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. ती धावत वर्गात गेली.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर मागच्या खोलीत आला. परीक्षेनंतर तो प्रथमच तिथं येत होता. उभ्याउभ्याच बोलला.

"मास्तर, एक विनंती आहे. विद्यार्थ्यांना काही दाखवत जाऊ नका. त्यांचा गोंधळ होतो. परीक्षेला पुस्तकच लागतं."

"ती तिहाई चुकीची हाय हे तुला ठाऊक हाय, बन्सी."

"ठाऊक आहे." बन्सीधर म्हणाला. "पण आता दुरुस्त केली तर लोक विचारतील, त्या दिवशी मी काय वाजवलं."

एवढं खरं तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि नेमकं तेच एलियाला सोसवलं नाही. खोटं बोलला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. एलियानं हातातली चामड्याची वादी सोडली. अर्धी चढवलेली पुडी तशीच ठेवली, हात पुसले आणि तो घरी गेला. परत त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. काकासाहेबांनी दोनदा माणूस पाठवला. नंतर थांबले. एलियानं आपल्या तीन वह्या परत मागवल्या, तर त्या छापखान्यात गहाळ झाल्याचं कळलं.

तो पुन्हा लग्नाच्या बँडमध्ये वाजवू लागला. हात तसेच होते, पण वाजवताना त्याचा चेहरा पाहणं मार्थाला नको वाटायचं.

साराला त्यानं लहानपणापासून ढोलकी शिकवली होती. अठराव्या वर्षी तिचा हात बन्सीधरच्या हातापेक्षा कितीतरी पुढं होता. मंडळीतल्या कीर्तनात ती वाजवायची तेव्हा म्हाताऱ्या बाया प्रार्थना विसरून तिच्याकडं बघत राहायच्या. नाताळानंतर ती बापासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला तबला पूर्ण शिकवा. मला शिकवायचंय पुढं."

एलिया म्हणाला, "न्हाई."

"का?"

"हातात काय हाय ते कुणी बघत न्हाई, सारा. कागद बघत्यात. तू कागद घे. असा घे की त्यावर कुणाला सही नाकारता येऊ नये."

"माझा हात चांगला हाय, तुमीच म्हनता."

"चांगला हाय म्हनूनच सांगतो. वाईट असता तर शिकवला असता."

सारा रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. मार्थानंही नवऱ्याला विनवलं. "पोरीचा काय दोष? तुमचा राग तिच्यावर कशाला काढता?" एलियाला कळत होतं की ती बरोबर बोलतेय, तरी त्यानं ऐकलं नाही. स्वतः जाऊन त्यानं मिशनच्या बाईसाहेबांकडून चिठ्ठी आणली आणि मिरजेला नर्सिंगसाठी अर्ज केला.

एकोणपन्नासच्या जानेवारीत तो तिला नगरच्या स्टेशनावर सोडायला गेला. दौंडला गाडी बदलायची, कुणाला काय विचारायचं, ते त्यानं तिला तीनदा समजावून सांगितलं. सारा खिडकीत बसली होती, बापाकडं बघत नव्हती. तिच्या बोटांनी नकळत खिडकीच्या गजावर ठेका धरला होता. एलियानं हात पुढं करून ती बोटं धरली आणि गाडी हलेपर्यंत घट्ट दाबून ठेवली.